दंडावरची खूण, सुईतली चिप

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा रविवार होता. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना उलट्या होऊ लागल्या, त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावं लागलं. मुलं वाचली आणि संबंधितांवर कारवाई झाली. करोनाची लस द्यायला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. पुढे तीन आठवड्यांनी, २२ फेब्रुवारीला, अमरावती शहर आणि अचलपूर पुन्हा बंद झालं. अकोल्यातही निर्बंध आले. दुसऱ्या लाटेचा पहिला तडाखा राज्यात वऱ्हाडाला बसला.

वऱ्हाडात लशीबद्दल जी भीती पसरली, तिच्याकडे बघताना हा क्रम विसरता येत नाही. सरकारी माणूस घरी येतो, लेकराच्या तोंडात काहीतरी घालतो, आणि ते भलतंच निघतं. ज्या आईनं हे पाहिलं किंवा शेजारच्या गावातून ऐकलं, तिला ‘अडाणी’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. या लेखाचा विषय असलेली भीती मात्र याहून वेगळी आहे: लशीच्या सुईतून शरीरात चिप जाते, तिच्यावरून आपला ठावठिकाणा कळतो आणि लसीकरणाची नोंद म्हणजे आपल्यावर नजर ठेवण्याची सोय आहे. मोबाइलवरून फिरलेल्या या गोष्टीतला पहिला भाग खोटा आहे. दुसरा भाग मात्र पूर्णपणे खोटा म्हणून सोडून देता येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे, म्हणून दोन्ही भाग सुटे करून पाहायला हवेत.

आधी चिप. १८ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लस देतानाच त्वचेखाली डोळ्यांना न दिसणारा रंग बारीक सुयांच्या पट्टीनं टोचायचा आणि नंतर विशेष बदल केलेल्या मोबाइल कॅमेऱ्यानं त्याची खूण वाचायची, अशी ती कल्पना होती. प्रयोग उंदरांवर झाला होता. गरीब देशांत लसीकरणाची कार्डं हरवतात, कोणत्या मुलाला काय मिळालं ते कळत नाही, हे त्यामागचं कारण होतं. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. त्या रंगात बॅटरी नव्हती, संदेश पाठवण्याची काही सोय नव्हती, माणसाचं नावही नव्हतं. मार्च २०२० मध्ये बिल गेट्स यांनी एका जाहीर प्रश्नोत्तरात म्हटलं, की कोण बरं झालं, कुणाची तपासणी झाली, कुणाला लस मिळाली हे सांगणारी डिजिटल प्रमाणपत्रं पुढे येतील. रंगाची खूण आणि डिजिटल प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिवल्या गेल्या आणि त्यातून ‘गेट्स लशीत चिप घालणार’ ही कथा तयार झाली. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका जनमत चाचणीत २८ टक्के लोकांनी ही कथा खरी मानली होती. हा आकडा श्रीमंत आणि सुशिक्षित देशातला आहे, हे मेळघाटासारख्या आदिवासी भागाविषयी बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

महाराष्ट्राच्या मनात चिप त्याआधीच येऊन बसली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये २००० रुपयांची नोट आली, तेव्हा तिच्यात उपग्रहाला ठिकाण सांगणारी नॅनो चिप आहे, जमिनीत खोल पुरली तरी सापडेल, असं काही वृत्तवाहिन्यांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं. रिझर्व्ह बँकेनं इन्कार केला. पण कागदाच्या नोटेत चिप बसते हे ज्यांनी टीव्हीवर पाहिलं, त्यांना लशीच्या थेंबात ती बसते हे अशक्य का वाटावं? हा संशय लोकांच्या मनात पेरणारे साधे लोक नव्हते. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या डोसनंतर अंगाला नाणी-चमचे चिकटतात असं सांगितलं, ती चित्रफीत राज्यभर फिरली आणि तो संशय आणखी घट्ट झाला. घामट, गुळगुळीत त्वचेवर सपाट वस्तू चिकटून राहते. अंगाला पावडर लावली की ती वस्तू गळून पडते. एवढी साधी तपासणी घरोघरी करून दाखवायला हवी होती. ती फारच थोड्या ठिकाणी झाली.

आता तंत्राचा भाग जरा सावकाश समजून घेऊ, कारण ‘असं काही नसतं’ एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

माणसाच्या शरीरात चिप बसवता येते, हे खरं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये ‘व्हेरिचिप’ला परवानगी दिली होती. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी दंडात बसवायची, तिच्यातला क्रमांक वाचून दवाखान्यानं रुग्णाची माहिती शोधायची. ती चालली नाही, २०१० मध्ये बंद झाली. स्वीडनमध्ये काही हजार लोकांनी दार उघडण्यासाठी आणि तिकिटासाठी हातात अशी चिप स्वखुशीनं बसवली. शहरातल्या पाळीव कुत्र्यांना १५ अंकी क्रमांकाची चिप बसवतात, तीही याच जातीची. ती साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते, तिची सुई पाहिली तर माणूस हात मागेच घेईल. करोनाची लस ज्या सुईनं दिली, तिचं छिद्र एक मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी होतं. शिवाय एकाच बाटलीतून एकामागून एक १० जणांचे डोस भरले जायचे, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. कुणाच्या वाट्याला कोणता थेंब जाईल हे नर्सताईलाही माहीत नसायचं. मग त्यातला क्रमांक कुणाच्या नावावर टाकायचा?

याहून बारीक चिप नसतात का? असतात. हिताची कंपनीनं २००७ मध्ये धुळीच्या कणाएवढी चिप दाखवली होती. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये सुईतून जाईल एवढं यंत्र बनवलं, ते शरीराचं तापमान मोजतं. पण हिताचीच्या कणाला बोलतं करायला बाहेरून अँटेना जोडावी लागते आणि वाचणारं यंत्र अगदी जवळ न्यावं लागतं. कोलंबियाच्या यंत्राला शक्ती मिळते ती अंगावर टेकवलेल्या सोनोग्राफी यंत्रातून. यांपैकी एकही चिप दुसऱ्या खोलीतल्या माणसाचा पत्तासुद्धा सांगू शकत नाही, मग अकोल्यातल्या माणसाचा पत्ता दिल्लीला कसा जाईल? ठिकाण कळायचं तर सुमारे २० हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचे क्षीण संकेत पकडावे लागतात आणि मिळालेलं ठिकाण टॉवरपर्यंत किंवा उपग्रहापर्यंत पाठवावं लागतं. त्यासाठी अँटेना लागते आणि बॅटरी लागते.

ही बॅटरी केवढी असते, हे वऱ्हाडानं स्वतः पाहिलं आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या सी-१ या तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली. तो वाघ शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत, तेलंगणाच्या हद्दीत जाऊन परत येत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत १३०० किलोमीटर! पुढे त्याचा प्रवास ३००० किलोमीटरच्या घरात गेला आणि भारतातल्या वाघाची नोंदलेली सर्वांत लांब वाटचाल म्हणून तो जगभर गाजला. त्याचा माग दिवसरात्र ठेवायला वाघाच्या गळ्यात मावेल एवढी जाड पट्टी लागली. ती बसवायला त्याला बेशुद्ध करावं लागलं आणि २०२० मध्ये ती काढून घ्यावी लागली. सुईच्या छिद्रातून जाणारा कण हेच काम वर्षानुवर्षं करील असं कुणी म्हणत असेल, तर त्याला वन विभागानंच आधी नोकरी द्यायला हवी.

करोनाचे मृत्यू ५-जी टॉवरमुळे होतात, ही मे २०२१ मध्ये पसरलेली अफवा तर याहूनही पोकळ होती. तेव्हा देशात ५-जी सेवा सुरूच झाली नव्हती, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली.

एवढं झाल्यावर बरेच जण विषय मिटवतात. मला तो इथे मिटलेला वाटत नाही. शरीरावर सरकारी नोंद उमटणं ही आपल्याकडे कल्पनेतली गोष्ट कधीच नव्हती.

साठी ओलांडलेल्या कोणत्याही वऱ्हाडी माणसाचा दंड पाहा. तिथे देवीची खूण आहे. १८०२ मध्ये मुंबईत देवीची पहिली लस दिली गेली, तेव्हापासून पुढची पावणेदोनशे वर्षं ही खूण म्हणजेच प्रमाणपत्र होतं. बीसीजीची खूण आजही नवजात बाळाच्या डाव्या दंडावर उमटते, आणि बाळाचं कार्ड हरवलं असेल तर आशाताई आधी तीच शोधतात. पल्स पोलिओत डाव्या करंगळीच्या नखावर शाई लागते. या खुणांबद्दल कुणाला धसका नाही, कारण त्या फक्त ‘झालं’ एवढंच सांगतात. कुणाचं झालं, कुठे झालं, तो माणूस आता कुठे आहे, यातलं काहीही त्या सांगत नाहीत.

मार्च २०२० मध्ये मात्र महाराष्ट्रानं याच शाईचा दुसरा उपयोग केला. घरी विलगीकरणात राहायचं आहे अशा लोकांच्या डाव्या हाताच्या पंज्यामागे शिक्का मारायला सुरुवात झाली. शिक्का असलेले लोक रेल्वेतून उतरवले गेले. संसर्ग रोखायचा होता हे मान्य. तरीही त्या दिवसांत लोक एक गोष्ट शिकले: अंगावरची खूण संरक्षणाची असते तशी ती बाजूला काढण्याचीही असू शकते. मागच्या पिढीला तर हे शिकवायलाच नको होतं. आणीबाणीत नसबंदीच्या नावाखाली काय झालं ते तिनं भोगलं होतं. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं राज्य महाराष्ट्रच होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा बनलं नाही, एवढंच. लस घेतली की मूल होत नाही, ही अफवा पोलिओच्या काळातही मालेगावसारख्या ठिकाणी पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिली, तिचं मूळ मला या आठवणीत दिसतं.

आणखी एक आठवण आदिवासी भागाची आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालला. त्यातल्या अनेक मुली आदिवासी होत्या, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचं चौकशीत निघालं. मुलींचे जे मृत्यू झाले त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही, लस स्वतः चांगली आहे, जगभर दिली जाते. पण प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. त्या प्रकल्पालाही पैसा गेट्स फाउंडेशनचाच होता. चिपच्या कथेत गेट्स हे नाव आलं आणि चिकटून बसलं, त्यामागे अशा खऱ्या घटनांचा हात आहे. त्या घटना सांगायच्या टाळल्या की पोकळी राहते, आणि तिथे अफवा शिरते.

मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, २०२१ मध्ये जी भीती होती ती मात्र मुख्यतः चिपची नव्हती. लस घेतली की माणूस मरतो, अशी ती होती. ज्या गावात मोबाइलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं तिथे ठावठिकाण्याची चिंता कुणाला असणार? १९९३ पासून कुपोषणाचे आकडे ऐकणाऱ्या, दवाखान्यात नेलेलं मूल परत येत नाही असा अनुभव असलेल्या कोरकू आदिवासी कुटुंबाला सुईची धास्ती वाटणं मी समजू शकतो. तिथे काम केलं ते कोरकू भाषेनं. प्रशासनानं कोरकूत चित्रफिती केल्या, गाण्यांतून आणि गावातल्या माणसांकडून निरोप पोचवला. आशाताई आणि अंगणवाडीताई दारोदार गेल्या, नाकारल्या गेल्या, पुन्हा गेल्या. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं काही नातं नाही. मराठीतलं पत्रक तिथे वाचून दाखवणं म्हणजे न सांगण्यासारखंच. ज्या भाषेत आई मुलाला झोपवते त्या भाषेत लस समजावली गेली, तेव्हा दारं उघडू लागली.

आणि दुसऱ्या बाजूला होतं कोविन, लसीकरणाच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ. सुरुवातीला फक्त इंग्रजीत. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना आधी ऑनलाइन नोंदणी आणि वेळ घेणं बंधनकारक होतं. परिणाम असा झाला, की राज्यात अनेक ठिकाणी शहरातले लोक गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर लस घेऊन गेले आणि गावचे लोक बघत राहिले. सर्वोच्च न्यायालयानं या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. मेअखेरीपासून सरकारी केंद्रांवर थेट जाऊन लस घेता येऊ लागली. त्या सगळ्या महिन्यांत ओटीपी, आधार आणि मोबाइल क्रमांक यांच्या मागे धावणाऱ्या माणसाला ‘नोंद म्हणजे नजर’ असं वाटलं, तर त्याचं काय चुकलं?

पुढे जे घडलं त्यानं हा संशय आणखी रास्त ठरवला. लसीकरणासाठी आधार दिलेल्या अनेकांचा आरोग्य ओळख क्रमांक त्यांना न विचारता तयार झाल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या. न घेतलेल्या डोसची प्रमाणपत्रं लोकांच्या मोबाइलवर आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, लशीचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन देऊ नये असा आदेश निघाला. रेशन! ज्याच्या घरात त्या धान्यावर चूल पेटते त्याच्यासाठी तो सल्ला राहत नाही, हुकूम होतो. आणि जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका स्वयंचलित खात्यात मोबाइल क्रमांक टाकला की लस घेतलेल्या माणसाचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, जन्मतारीख आणि केंद्र समोर येऊ लागलं. आरोग्य मंत्रालयानं कोविन सुरक्षित असल्याचं सांगितलं, पुढे अटकही झाली. पण माहिती बाहेर फिरत होती, हे देशानं पाहिलं. ज्यांनी वर्षभर ‘चिप आहे, चिप आहे’ म्हटलं होतं त्यांना जी भीती दंडात वाटत होती ती दुसरीकडेच, सर्व्हरवर, खरी ठरली.

या भीतीचं कायद्यातलं उत्तर देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठात अमरावतीचे सुपुत्र न्या. भूषण गवई होते, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. २ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांनी लससक्तीला आव्हान देणाऱ्या डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. स्वतःच्या शरीरावर स्वतःचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमाचा भाग आहे, कुणालाही सक्तीनं लस देता येणार नाही, आणि संसर्गाची त्या वेळची स्थिती पाहता लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणात बसत नाहीत, असं त्यांनी म्हटलं. त्याच निकालात त्यांनी सरकारचं लसीकरण धोरण मनमानी नसल्याचंही सांगितलं आणि लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना सहज मिळावी, डॉक्टरांव्यतिरिक्त सामान्य माणसालाही ती कळवता यावी, असे निर्देश दिले. लशीच्या विरोधकांनी निकालाचा पहिला अर्धा भाग फिरवला, समर्थकांनी दुसरा. दोन्ही भाग एकत्र वाचले तर त्यातून एक सरळ मार्ग निघतो: लस समजावून द्या, सक्तीनं देऊ नका, आणि काही बिघडलं तर लपवू नका. कोव्हिशिल्डमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे वैद्यकीय जगाला २०२१ पासूनच ठाऊक होतं. आपल्या बहुतेक लोकांना ते २०२४ मध्ये, ब्रिटनमधल्या खटल्याच्या बातम्यांतून कळलं. आधी सांगितलं असतं तर किती लोक घाबरले असते, यापेक्षा किती लोकांनी नंतर विश्वास ठेवला असता, हा हिशेब मला अधिक मोलाचा वाटतो.

अफवेची किंमतही पाहिली पाहिजे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे गोवर पसरला, मुलं दगावली. करोनाच्या काळात राहून गेलेल्या लशी आणि नकार यांची ती बेरीज होती. गोवराची लस चुकलेल्या मुलाला चिपपासून कसलंही संरक्षण मिळालं नाही, कारण चिप नव्हतीच.

मग वऱ्हाडात लसीकरणाची नोंद कशी असावी? ती गोठ्यातल्या नोंदीसारखी नसावी, एवढं नक्की. गाई-बैलांच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला असतो. २०२२ मध्ये अकोला, बुलढाणा, अमरावतीत लम्पी पसरला तेव्हा लसीकरणाला त्याचा उपयोगही झाला. जनावराची संमती कुणी विचारत नाही. माणसाची विचारावीच लागते. आता बालकांच्या आणि गरोदर बायांच्या लशी यू-विन या सरकारी डिजिटल व्यवस्थेत नोंदल्या जातात. मेळघाटातली कुटुंबं होळीनंतर कामासाठी बाहेर पडतात, पावसाच्या तोंडावर परततात. बाळाचा तिसरा डोस कुठल्या जिल्ह्यात देय झाला हे कागदी कार्डावरून कळत नाही. तिथे ही नोंद खरंच उपयोगी आहे, आणि म्हणूनच ती नीट चालावी अशी माझी आग्रहाची मागणी आहे. आधार नसलेल्या बाळाला केंद्रावरून परत पाठवू नये. आरोग्य क्रमांक काढण्याआधी आईला तिच्या भाषेत विचारावं आणि तिचं ‘नाही’ लिहून घ्यावं. नोंद चुकली तर ती दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी, नाव आणि फोन क्रमांकासह, भिंतीवर लिहिलेला असावा. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद मोठी आहे. लसीकरणाची माहिती त्या सुटीतून वगळावी, असं लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात आणि संसदेत मागायला हवं. आणि तोवर धारणी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कागदी कार्ड, कोरकूत वाचून दाखवलेलं, आईच्या हातात राहू द्यावं.